एका वर्गात दोन शिक्षक: सहअध्यापनाचं टाचण कसं करायचं

सहअध्यापन म्हणजे वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे) यांनी एकाच वर्गाला मिळून शिकवणं. प्रत्यक्षात वर्गशिक्षक फळ्यापाशी, विशेष शिक्षक मागच्या बाकावरच्या दोन मुलांजवळ वाकून. सहअध्यापन म्हणून बहुतेक ठिकाणी हेच चालतं. २००७ मध्ये ३२ गुणात्मक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही हाच प्रकार सर्वांत जास्त आढळला. दोघांना एकत्र बसायला वेळ मिळाला नाही, की ज्याच्या हातात विषय त्याच्याच हातात वर्ग जातो. म्हणून सुरुवात वेळापत्रकापासून करा. आठवड्यातली एक तासिका दोघांनाही एकाच वेळी मोकळी हवी. मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या होतं ते नियोजन नव्हे.

तासिकेच्या त्या ४० मिनिटांत पहिली १० मिनिटं चार-पाच मुलांच्या वह्या उघडून बघा. पुढची २५ येत्या घटकासाठी. वर्गशिक्षकांनी अध्ययन निष्पत्ती (घटक संपल्यावर मुलांना काय यायला हवं ते) सांगायची, विशेष शिक्षकांनी ती गाठताना कोण कुठे अडेल ते सांगायचं: वाचताना, लिहिताना, सूचना लक्षात ठेवताना, की एका जागी बसताना. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (विशेष गरज असलेल्या एकेका मुलासाठी केलेली लेखी योजना) अख्खा वाचत बसू नका. प्रत्येक मुलाची ध्येयं आणि सवलती एका पानावर आणलेल्या असाव्यात. उरलेल्या ५ मिनिटांत कोण काय तयार करून आणणार ते लिहून टाका.

टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनात, तीन रकाने आखा: मिनिटं, पहिला शिक्षक, दुसरा शिक्षक. एकच नियम पाळा, दोन्हीपैकी कुठल्याही रकान्यात ‘मदत करणे’ असं लिहायचं नाही. ‘शाब्दिक उदाहरणाची आकृती फळ्यावर काढणे’ असं डोळ्यांना दिसेल ते काम लिहा. रकाना भरता येत नसेल, तर पाठाची रचनाच बदलायला हवी.

नव्या जोडीने आधी केंद्रपद्धत (गट आळीपाळीने वेगवेगळ्या केंद्रांवर जातात ती) घ्यावी, कारण तिच्यात दोघांनाही स्वतःचं काम आपोआप मिळतं. समजा, अपूर्णांकांची तुलना शिकवायची आहे आणि वर्गात ३६ मुलं आहेत. १२-१२ चे तीन मिश्र गट करा. आराखडा असलेली सगळी मुलं एका गटात कोंबू नका. ५ मिनिटं प्रस्तावना, १०-१० मिनिटांच्या तीन फेऱ्या, जागा बदलायला प्रत्येकी १ मिनिट आणि शेवटी ३ मिनिटं उजळणी. ४० मिनिटं भरली. पहिल्या केंद्रावर वर्गशिक्षक संख्यारेषा घेतात. दुसऱ्यावर विशेष शिक्षक १२ सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या देतात. दोन तृतीयांश म्हणजे ८ सेंटिमीटर, तीन चतुर्थांश म्हणजे ९, पट्ट्या शेजारी ठेवल्या की मोठं कोण ते दिसतं. ‘३ पेक्षा ४ मोठे, म्हणून एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा’ ही चूक इथेच पकडता येते. तिसऱ्यावर मुलं आपापली कार्यपत्रिका सोडवतात.

घोळ होतो तो तिसऱ्या केंद्रावर. सूचना तोंडी दिल्या असतील तर दोन मिनिटांत हात वर होतात आणि दोन्ही शिक्षक तिकडे धावतात. तिथे चित्रासह लिहिलेल्या सूचना आणि एक सोडवलेलं उदाहरण ठेवलेलंच हवं. दुसरी अडचण अशी की एक गट तिसऱ्या केंद्रापासूनच सुरुवात करतो. त्यामुळे कुठलंही केंद्र आधीच्या केंद्रावर अवलंबून नको. मुलांना हलणं अवघड असेल तर मुलं बसू देत, शिक्षकांनी आणि साहित्याने फिरावं.

समांतर पद्धतीत वर्ग निम्मा-निम्मा होतो आणि दोघं तोच भाग शिकवतात. दोघांची विषयावर पकड असेल तरच हिच्या वाटेला जा. शिक्षकांनी समोरासमोरच्या भिंतींपाशी उभं राहावं, म्हणजे दोन्ही गटांची एकमेकांकडे पाठ राहते आणि गोंगाट सुसह्य होतो. छोटा गट वेगळा घेण्याच्या पद्धतीत धोका ठरलेला: दर वेळी तीच पाच मुलं उठतात आणि वर्ग त्यांना ओळखून असतो. गट बदलता ठेवा, पुढे गेलेल्या मुलांनाही घ्या. बाकीच्यांना नवीन भाग शिकवत असताना तर छोटा गट बाजूला काढूच नका. त्या मुलांचा तोच भाग बुडतो. एकाने शिकवायचं नि दुसऱ्याने निरीक्षण करायचं असेल, तर काय मोजायचं ते आधी ठरवा. उदाहरणार्थ, सूचना दिल्यावर एका मिनिटात कोण काम सुरू करतं. दोघांनी मिळून एकच पाठ रंगवणं जोडी मुरल्यावर जमतं, घाई नको.

तपासणीत वाद होतात ते सवलत आणि बदल यांची गल्लत झाल्यामुळे. जादा वेळ किंवा मोठा टाइप दिला तरी निष्पत्ती तीच राहते, गुणदानही तेच. अपेक्षाच कमी केली तर तो बदल. त्याची नोंद टाचणात आणि प्रगतिपत्रकात हवी. एकच गोष्ट दोन्ही ठरू शकते. गणिताचा प्रश्न वाचून दाखवणं ही सवलत, पण वाचनाच्याच चाचणीत उतारा वाचून दाखवला तर मोजायचं काही उरत नाही.

उशिरा येणं, पाणी प्यायला जाणं, वही न आणणं याबद्दलचे चार-पाच नियम आधीच एक करा; नाहीतर ‘त्या मॅडमनी सोडलं होतं’ ऐकावं लागतं. हजेरी आळीपाळीने घ्या, वह्याही सगळ्यांच्या दोघांनी तपासा. पाठ सुरू असताना काही खटकलं तर ‘सर, हेच आकृती काढून दाखवू का?’ एवढं पुरे, बाकीचं नियोजनाच्या तासिकेत.

एकच विशेष शिक्षक अनेक वर्गांना वाटलेला असेल, तर रोज सगळीकडे दहा मिनिटं डोकावण्यापेक्षा दोन-तीन वर्गांत ठरलेल्या वारी पूर्ण तासिका घ्यावी. बाकीच्या वर्गांसाठी टाचणावर एकत्र बसावं आणि साहित्य तयार करून द्यावं.