पाण्याचा रंग गेला, पण विष गेलं का? फोटोकॅटॅलिसिसच्या प्रयोगात या चुका टाळा

फोटोकॅटॅलिसिस म्हणजे प्रकाश आणि पावडर यांच्या मदतीने पाण्यातलं प्रदूषक मोडणं. टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनोपावडर, मिथिलीन ब्ल्यू या रंगद्रव्याचं निळं पाणी आणि वर एक दिवा. एमएस्सीचा प्रोजेक्ट बहुतेकदा इथूनच सुरू होतो. तासाभरात पाणी रंगहीन होतं आणि अहवालात '98 टक्के प्रदूषक नष्ट' असं लिहिलं जातं. यातला 'नष्ट' हा शब्द सगळ्यात आधी तपासायला हवा.

मिथिलीन ब्ल्यूचा रंग तीन वाटांनी जातो. रंग पावडरीला चिकटतो आणि तिच्याबरोबर तळाशी बसतो. किंवा पाण्यात ऑक्सिजन कमी पडल्यावर त्याचं रंगहीन ल्यूको रूप तयार होतं. असं पाणी हवेत हलवलं की निळेपणा परत येतो. आणि तिसरी वाट म्हणजे रेणू खरोखर मोडणं. आपल्याला मोजायची आहे ती फक्त तिसरी. त्यासाठी दिवा लावण्याआधी 30 ते 60 मिनिटं अंधारात ढवळत ठेवा आणि C₀, म्हणजे सुरुवातीची संहती, त्यानंतरचीच धरा. प्रकाश चालू असताना हवा बुडबुड्यांनी सोडत राहा. दोन नियंत्रण प्रयोग हवेतच: पावडर आहे पण प्रकाश नाही, आणि प्रकाश आहे पण पावडर नाही. मिथिलीन ब्ल्यू नुसत्या प्रकाशानेही थोडा फिका होतो, म्हणून दुसरा प्रयोग टाळून चालत नाही.

पीएच न नोंदवणं ही याच्याच जोडीची चूक. टायटॅनियाच्या, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या, पृष्ठभागावरचा विद्युतभार साधारण पीएच 6 ते 6.5 च्या आसपास शून्य होतो. त्याच्या वर पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे धनभारित मिथिलीन ब्ल्यू जास्त चिकटतो. ऋणभारित रंगद्रव्य मिथिल ऑरेंजचं नेमकं उलटं. दोन पावडरींची तुलना वेगवेगळ्या पीएचला केली, तर ती तुलना पावडरींची राहत नाही.

मोजमापातही घसरण होते. 10 मिलिग्रॅम प्रति लिटर द्रावणाची 664 नॅनोमीटरवरची ॲबसॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा) 2 च्या आसपास जाते आणि तिथे बऱ्याच यंत्रांची सरळ रेषा वाकते. नमुना पाच पट पातळ करा. पावडर गाळायला नायलॉनचा सिरिंज फिल्टर वापरू नका, तो रंग शोषून घेतो. सेंट्रिफ्यूज करा. 250 मिलिलिटर द्रावणाला 125 मिलिग्रॅम पावडर, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, ही सुरुवात ठीक. जास्त पावडर टाकली की वेग वाढेलच असं नाही. पाणी दुधाळ होतं आणि प्रकाश आत पोचत नाही.

आता 'दृश्य प्रकाशात चालते' हा दावा. अनाटेज या टायटॅनियाच्या स्फटिकरूपाचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे 387 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो, आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम 4 ते 5 टक्के. म्हणून नायट्रोजन मिसळतात, चांदी बसवतात. पण रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पावडरीला देतं, त्यामुळे साधी पावडरसुद्धा 'सुधारित' भासते. दृश्य प्रकाशाचा दावा करायचा असेल तर फिनॉलसारखं रंगहीन प्रदूषक घ्या, 420 नॅनोमीटरचा कटऑफ फिल्टर लावा आणि टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, मोजा. टीओसी घटला नसेल तर रेणू फक्त तुकड्यांत विभागलाय, आणि काही तुकडे मूळ रेणूपेक्षाही घातक असू शकतात.

दिवा 254 नॅनोमीटरचा आणि भांडं साध्या काचेचं, ही चूक तर सर्रास होते. तो प्रकाश काचच खाते, क्वार्ट्झ हवं. 365 नॅनोमीटरला बोरोसिलिकेट चालतं. छतावर उन्हात प्रयोग करणाऱ्यांनी मिनिटं मोजू नयेत. मुंबईत जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रकाशाची मात्रा तासागणिक बदलते, त्यामुळे यूव्ही मीटरने मात्रा मोजून त्यावर आलेख काढा.

पावसाळा सोल-जेललाही, म्हणजे द्रावणातून पावडर बनवण्याच्या पद्धतीलाही, नडतो. त्यातलं मूळ रसायन, टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड, हवेतल्या बाष्पानेच विघटित होतं आणि बाटली उघडताच पांढरे गोळे धरू लागतं. कोरड्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये आधी ॲसेटिक ॲसिड मिसळून मग आयसोप्रोपॉक्साइड थेंबथेंब सोडा. पाणी सगळ्यात शेवटी. भट्टीत मिनिटाला 5 अंशांपेक्षा वेगाने तापमान चढवू नका, 450 अंशांवर दोन तास पुरतात. 600 च्या पुढे अनाटेजचं रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप होऊ लागतं, पृष्ठभाग घटतो आणि नायट्रोजनही निघून जातो.

डिस्टिल्ड वॉटरमधला निकाल मिठी नदीच्या पाण्याला लावू नका. माहीमच्या खाडीजवळ भरतीचं खारं पाणी आत येतं. क्लोराइड आणि बायकार्बोनेट हे प्रदूषक मोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल्स गिळतात, मिठामुळे नॅनोकण एकत्र गोळा होऊन खाली बसतात, चांदी असेल तर पृष्ठभागावर सिल्व्हर क्लोराइड होतं. सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणीतही क्लोराइड आकडा फुगवतं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला 19 ग्रॅमच्या आसपास असतं. अशा नमुन्याला टीओसीच योग्य. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही रंग उडवतो, म्हणून थोडा सोडियम थायोसल्फेट घालून तो आधी मारा. थायोसल्फेट जास्त झालं तर तेच रॅडिकल्स खाईल.

क्रोमियम असेल तर वेगळं गणित. प्रकाशाने क्रोमियम 6 चं क्रोमियम 3 होतं, पाण्यातून बाहेर जात नाही. पीएच 2 ते 3 ला, सायट्रिक ॲसिडच्या सोबतीने क्षपण वेगाने होतं. नंतर पीएच 8 ते 9 करून हायड्रॉक्साइडचा साका काढावा लागतो, पण उरलेलं सायट्रेट क्रोमियमला विरघळलेलंच ठेवू शकतं, म्हणून वरच्या पाण्यात एकूण क्रोमियम तपासा. हा साका आणि वापरलेली पावडर बेसिनमध्ये ओतू नका, घातक कचऱ्याच्या डब्यात ठेवा. आणि कोरडी पावडर तोलताना एन95 मास्क लावा.