एका रोगाचा परदेशी निधी आणि सगळी आरोग्ययंत्रणा: या चुका टाळा

एड्स, क्षय आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय ग्लोबल फंड २००२ मध्ये आणि परदेशांतल्या एचआयव्हीच्या कामाला पैसा देणारा अमेरिकी सरकारचा पेपफार कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. त्याआधी आफ्रिकेत एचआयव्हीची औषधं फार थोड्यांना परवडत. या निधीने लाखो जीव वाचवले, त्यात वाद नाही. बाकीच्या आरोग्ययंत्रणेत गोंधळ होतो तो निधी एका रोगाचा असल्यामुळे कमी, आणि त्या रोगासाठी वेगळी माणसं, वेगळं गोदाम, वेगळी रजिस्टरं मांडल्यामुळे जास्त. प्रकल्प आखताना किंवा तपासताना पुढच्या जागा आधी बघा.

प्रसूती वॉर्डातली नर्स प्रकल्पात जाते

लक्षण ओळखायला सोपं: एचआयव्ही विभागातली सगळी पदं भरलेली आणि त्याच रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात रात्रपाळीला एकटी नर्स. प्रकल्प जास्त पगार देतो, पण त्यामुळे देशात एकही नवी नर्स तयार होत नाही. सरकारी नर्स फक्त जागा बदलते.

मलावीने २००४ पासून याला वेगळं उत्तर दिलं. ब्रिटिश सरकार आणि ग्लोबल फंड यांच्या मदतीने ११ संवर्गांना ५२ टक्के वाढीव पगार दिला, मग तो कर्मचारी कुठल्याही रोगाचं काम करत असो. सोबत प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. या संवर्गांतलं मनुष्यबळ २००४ मध्ये ५,४५३ होतं, ते २००९ मध्ये ८,३६९ झालं. यातली दुसरी अर्धी गोष्ट, प्रशिक्षणाच्या जागांची, बरेचजण विसरतात. नुसता पगार वाढवला तर माणसं टिकतात, वाढत नाहीत.

प्रशिक्षणाच्या भत्त्याकडेही लक्ष असू द्या. तीन देणगीदारांच्या तीन कार्यशाळा एकाच महिन्यात आल्या की दोन माणसांचं आरोग्यकेंद्र आठवडाभर कुलूपबंद. भत्त्याचा दर सगळ्या देणगीदारांचा एकच ठेवा, तिमाहीचं वेळापत्रक जिल्हा कार्यालयाकडून मंजूर करून घ्या, आणि एका केंद्रातून एका वेळी एकच माणूस बोलवा.

यंत्र क्षयरोगाचं म्हणून बाकीच्यांना बंद

जीनएक्सपर्ट हे नमुन्यातला जंतूंचा जनुकीय अंश शोधणारं यंत्र. त्याच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये चार कप्पे असतात. क्षयाच्या एका तपासणीला साधारण दोन तास लागतात, म्हणजे आठ तासांत १२ ते १६ नमुने सहज होतात. रोज चारच होत असतील तर यंत्र बहुतेक वेळ रिकामं आहे. याच यंत्रावर कार्ट्रिज (नमुना भरायची एकदाच वापरायची डबी) बदलून एचआयव्हीचा व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, नवजात बाळाची एचआयव्ही तपासणी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत एचपीव्ही विषाणूची तपासणी होते. तांत्रिक अडचण नसते. अडचण असते ती रजिस्टर आणि कार्ट्रिजचं बजेट क्षय कार्यक्रमाच्या ताब्यात असण्याची.

दर महिन्याला प्रत्येक कप्प्यावर किती तपासण्या झाल्या ते मोजा. क्षमतेच्या निम्म्याहून कमी असतील तर दुसऱ्या कार्यक्रमाला सामावून घ्या आणि देखभाल कराराचा खर्च तपासण्यांच्या प्रमाणात वाटा. यूपीएस, खोलीचं तापमान आणि कप्प्यांची वार्षिक तपासणी यांचा खर्च कुणाच्याच बजेटमध्ये नसतो, आणि यंत्र बंद पडतं ते बहुधा याच कारणांनी.

एचआयव्हीच्या गोळ्या आहेत, ओआरएस नाही

वेगळी पुरवठा साखळी त्या एका औषधापुरती उत्तम चालते. दुष्परिणाम बघायचा असेल तर एकाच केंद्रात एचआयव्हीच्या गोळ्या, अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक, ओआरएस आणि बाळंतपणातला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन हे चारही गेल्या तीन महिन्यांत किती दिवस संपलेले होते ते शेजारी शेजारी लिहा. फरक मोठा असेल तर प्रकल्पाच्या गाडीत बाकीची औषधंही चढवा, भाडं वाटून घ्या. ऑक्सिटोसिनचं उदाहरण तर अगदी चीड आणणारं. त्याला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, बहुतेक लसींनाही तेवढंच, तरी लसीकरणाच्या फ्रिजमध्ये त्याला जागा नाही म्हणतात. ठळक लेबल लावलेला वेगळा डबा ठेवला की काम होतं.

अहवालांबद्दल थोडक्यात: देशात डीएचआयएस-२ हे आरोग्याच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालू असेल तर देणगीदाराला हवे ते रकाने त्यातच घाला. दुसरं सॉफ्टवेअर आणलंत की तीच नर्स तोच आकडा दोनदा भरते आणि दोन्हीकडे वेगळा भरते.

पैसा थांबल्यावर काय, हे शेवटच्या वर्षी ठरवणं

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली, तेव्हा अनेक देशांत समुपदेशक आणि डेटा क्लार्क घरी बसले. उलट बाजूला भारतातला गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ कार्यक्रम बघा. २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झालेलं हे एचआयव्ही प्रतिबंधाचं काम २००९ पासून टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवलं गेलं, आणि त्यासाठी खर्चाचे दर आधीच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दरांशी जुळवून घेतले होते.

खरी मेख मंजूर पदांची. प्रकल्पातल्या पदाचं नाव सरकारी पदांच्या यादीतच नसेल, तर पैसा असूनही अर्थखातं त्या माणसाला सामावून घेऊ शकत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येक पदासमोर तीन गोष्टी लिहून घ्या: सरकारी यादीतलं समकक्ष पद, त्याची वेतनश्रेणी, आणि कोणत्या वर्षापासून किती टक्के पगार सरकार देणार. समकक्ष पद सापडलं नाही तर भरतीआधी पदाचं स्वरूपच बदला.