विमानाचे अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचे विमान सुरू झाले, तेव्हापासून दर्यापूर-मोर्शीकडची मंडळीही मोबाइलवर ‘अमरावती ते मुंबई विमानाने किती वेळ’ असे शोधू लागली. समोर येणारा आकडा मात्र जरा तपासून घ्यावा.

गावच चुकते. ही सगळ्यात मोठी गफलत. आंध्र प्रदेशातही अमरावती आहे, त्या राज्याची राजधानी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त एका ‘ए’चा फरक, त्यामुळे अंतर काढणारी साइट खुशाल तिकडचे गाव धरते. ओळखायचे कसे? मुंबईपासून बेलोरा सरळ रेषेत साधारण ५४० किमी आहे. आकडा आठशेच्या वर गेला, तर तुम्ही आंध्रातल्या कृष्णाकाठी पोचलात! गावाच्या नावाऐवजी विमानतळाचा कोड टाका. आपला एव्हीआर, नागपूरचा एनएजी, गोंदियाचा जीडीबी.

५४० भागिले ८०० = चाळीस मिनिटे. हे गणित घातकी. ताशी आठशे किमी हा मोठ्या जेटचा वेग. बेलोऱ्याला सुरू झाले ते एटीआर नावाचे पंख्यांचे छोटे विमान, ते ताशी पाचशेच्या आसपास जाते. शिवाय तिकिटावरची वेळ म्हणजे नुसते उडणे नव्हे; जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंतचे सगळे त्यात येते. धावपट्टीपर्यंत सरकणे, नंबर लागेपर्यंत थांबणे, मुंबईवर गर्दी असली तर आभाळात घिरट्या. म्हणून वेळापत्रकात पावणेदोन तास दिसले तर ती छपाईची चूक समजू नका.

नागपूर–मुंबईचे हवाई अंतर सुमारे ६८५ किमी, म्हणजे बेलोऱ्यापेक्षा जास्त. तरी जेट दीड तासाच्या आसपास पोचवते. जवळचा विमानतळ म्हणजे कमी वेळ, असे नाही.

३७० दिसले? तेही नागपूर–मुंबईच, पण सागरी मैलांत. एक सागरी मैल १.८५२ किमी. आकड्यापुढचे एकक वाचा, एवढेच.

अंतर दाखवले म्हणून विमान असतेच असे नाही. अकोला–गोंदिया टाका, साडेतीनशे किमी आणि वर उडायला किती वेळ लागेल तेसुद्धा येईल. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून प्रवासी सेवाच नाही, पण कॅल्क्युलेटरला त्याचे काय! तो दोन ठिपके जोडतो. बेलोऱ्याचे विमानही सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होते, तेव्हा वार कंपनीच्या वेळापत्रकातच बघायचा.

घरापासूनचा हिशेब. बेलोरा अमरावती शहरात नाही, यवतमाळ रोडच्या बाजूला आहे. रेल्वेने येणाऱ्याला बडनेरा जवळ. काउंटर विमान सुटायच्या ४५ मिनिटे ते तासभर आधी बंद होते. वरुडच्या माणसाला नागपूर काय नि अमरावती काय, रस्ता जवळपास सारखाच पडतो. त्याने किलोमीटर मोजण्यापेक्षा कोणत्या विमानाने काम उरकून परतीचे विमान गाठता येईल ते बघावे. परतीला दोन दिवस विमान नसेल, तर भाड्यात वाचवलेले पैसे मुंबईच्या लॉजवाल्याकडेच जातात.