लाल फाइल आणि दरपत्रकाचा बोर्ड

मुलुंडमधल्या एका बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये अ‍ॅडमिन म्हणून लागले, तेव्हा वाटलं बिलं करायची आणि ड्यूटी लावायची. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी लाल फाइल पुढ्यात टाकली. "लायसन्सचं रिन्यूअल आलंय, बघ जरा."

या कामात नव्याने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, लायसन्स एकटं कधीच नसतं. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९चा. नोंदणी तीन वर्षांची, ३१ मार्चला संपणारी, मुंबईत ती महापालिका देते. पण तिच्या पोटात बाकीचे कागद असतात आणि त्यांच्या तारखा निराळ्या. डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी, तीही ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे प्रशिक्षणांना हजर राहून मिळणारे गुण, भरले तर. फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैमध्ये. शिवाय जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी.

आमची फाइल मात्र यातल्या कशावरच अडली नाही. अडली ती एका सिस्टरच्या आडनावावर! नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पगारपत्रकात सासरचं. कागदोपत्री आमच्याकडे एक नर्स कमीच. तिच्या लग्नाचा दाखला कपाटातल्या साड्यांखालून निघेपर्यंत चार दिवस गेले. तेव्हापासून नवी सिस्टर रुजू झाली की आधी दोन्ही नावं जुळवते, मग युनिफॉर्मचं माप.

जानेवारी २०२१मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. जुने लोक अजून खोल्यांच्या मापांचंच बोलतात, पण नव्या नियमांत रुग्णाच्या बाजूचं बरंच आलंय: हक्कांची सनद दर्शनी भागात, दरपत्रक, तक्रारीची सोय. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. (हे नियमात लिहावं लागलं, यावरून काय ते समजा.)

आमचं दरपत्रक होतं, पण इंग्रजीत आणि औषधांच्या कपाटामागे. मी ते मराठीत करून घेतलं, रिसेप्शनसमोर लावलं. मॅडम थोड्या कुरकुरल्या, "आता प्रत्येक जण घासाघीस करेल."

गेल्या महिन्यात एका बाळंतिणीची आजी चष्मा लावून तो बोर्ड बोट फिरवत वाचत होती. मग काउंटरवर आली. "सिझरचे इथे एवढे लिहिलेत. फोनवर जास्त का सांगितले?"

फोनवर मीच बोलले होते. स्पेशल रूमचे धरून.