टीमने गाव बदललं की तिचा इतिहास कसा शोधायचा

२०१० च्या आयपीएलला आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर डेक्कन चार्जर्सच्या 'होम' मॅच झालेल्या, आठवतंय का? टीम हैदराबादची, तिकडे तेलंगणा आंदोलन पेटलेलं, म्हणून घरच्या मॅच आमच्या दारात. पण म्हणून टीम नेरुळची झाली का, तर नाही. अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलमध्ये (मोठ्या मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या) हाच घोळ दहापट आहे आणि मी त्यात अडकलो मावसभावामुळे. तो असतो मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला, तिथून त्याने वूस्टर रेड सॉक्सची कॅप पाठवली, वर बॅट फिरवणारा स्माइली (स्माइली त्या गावातच जन्मला, १९६३ ला, हार्वी बॉलने काढला), आणि म्हणाला बघ जरा या टीमचा इतिहास काय आहे ते. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. तीन रविवार गेले.

पहिली गोष्ट, सुरुवातीपासून शोधायला जाऊ नका, आजपासून मागे जा. प्रत्येक थांब्यावर एकच विचारायचं, ही इथे कुठून आली? वूस्टरला आली २०२१ मध्ये, पॉटकेटहून, म्हणजे शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातून. पॉटकेटला आली १९७३ मध्ये, लुईव्हिलहून. आणि लुईव्हिलला १९६८ मध्ये, थेट कॅनडातल्या टोरांटोहून. म्हणजे जिला सगळे न्यू इंग्लंडची (अमेरिकेचा ईशान्य कोपरा) समजतात ती मुळात टोरांटोची निघाली, मी खुर्चीतच उठून बसलो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एक कागद घ्या (मी लाईट बिलाची पाठ वापरली) आणि तीन रकाने पाडा: फ्रँचायझी, मोठा क्लब, गाव. मायनर लीगची टीम म्हणजे मोठ्या क्लबची नर्सरी, खेळाडू मोठ्या क्लबचे, पगारही तेच देतात, टीमचा मालक मात्र बहुतेक वेळा वेगळाच. त्यामुळे हे तिन्ही धागे आपापल्या वेळी तुटतात. मी सगळं एकाच रकान्यात लिहिलं आणि फसलो, कारण पॉटकेटला 'रेड सॉक्स' १९७० पासूनच दिसतात. पण ती टीमच वेगळी, एक पायरी खालची, डबल-ए. १९७३ ला ती उठून ब्रिस्टलला गेली आणि लुईव्हिलवाली ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) टीम तिच्या जागी आली, नाव तेच, ग्राउंड तेच, मोठा क्लबही तोच, बोस्टन रेड सॉक्स! नाव धरून शोधलंत तर दोन टीमची एक होते. ती ब्रिस्टलवाली पुढे १९८३ ला न्यू ब्रिटनला, आणि २०१६ ला हार्टफर्डला गेली, तिथे स्टेडियमच तयार नव्हतं म्हणून बिचाऱ्यांनी अख्खा सीझन बाहेरगावी खेळून काढला.

टीम का हलली हे शोधताना आधी ग्राउंडकडे बघा, मालकाच्या मुलाखती नंतर. लुईव्हिलचं ग्राउंड फुटबॉलसाठी बदलायला घेतलं म्हणून टीम निघाली. पॉटकेटचं मॅककॉय स्टेडियम १९४२ चं, २०१५ ला नवे मालक आले, त्यांना आधी प्रॉव्हिडन्समध्ये नवं स्टेडियम हवं होतं, ते बारगळलं, मग पॉटकेटमध्येच नवं बांधायचं ठरत होतं, पैसे कोण घालणार यावर राज्य सरकार, गाव आणि मालक यांची ओढाताण, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालं की चाललो वूस्टरला. आपल्याकडे रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा बसलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

आता रेकॉर्ड कुणाच्या खात्यात टाकायचे, इथे मात्र डोकं वापरावं लागतं. प्रोफेशनल बेसबॉलमधली सगळ्यात लांब मॅच मॅककॉयवर झाली, पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, १८ एप्रिल १९८१ च्या रात्री सुरू. थंडी एवढी की खेळाडूंनी तुटक्या बॅटी जाळून शेकोटी केली. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी ३२ इनिंगनंतर (एरवी मॅच नऊ इनिंगची) थांबवली तेव्हा प्रेक्षक उरलेले १९. उरलेली मॅच २३ जूनला, ती १८ मिनिटांत संपली, पॉटकेट ३-२ ने जिंकली. पॉटकेटकडून वेड बॉग्स, रॉचेस्टरकडून कॅल रिपकेन, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. कागदावर ही मॅच वूस्टरच्या फ्रँचायझीचीच. पण मी ती गावाच्या रकान्यात पॉटकेटसमोर लिहिली आणि मावसभावाशी त्यावरून फोनवर भांडलोसुद्धा, कारण त्या पहाटे कुडकुडत बसलेली १९ माणसं काही वूस्टरला गेली नाहीत.

बारीकसारीक खड्डे पण सांगतो. २०२० मध्ये कोरोनामुळे मायनर लीग झालीच नाही, त्यामुळे पॉटकेटला निरोपाचा सीझन मिळालाच नाही, शेवटची मॅच २०१९ चीच. २०२१ ला या टीमच्या लीगचं नाव 'ट्रिपल-ए ईस्ट' दिसेल, घाबरू नका, दुसऱ्या वर्षी परत इंटरनॅशनल लीग झालं. त्याच सुमारास मेजर लीगने टीम १६० वरून १२० वर आणल्या, म्हणून एखाद्या टीमचा माग अचानक तिथे तुटला तर ती हलली असेलच असं नाही, कापलीही गेली असेल. आणि वूस्टरचं स्पेलिंग वाचून वॉर्सेस्टर शोधत बसू नका, माझा एक रविवार त्यातच गेला.

शेवटचा रकाना जुन्या ग्राउंडचा ठेवा, तो बहुतेक लोक विसरतात. मॅककॉय पाडलं, तिथे हायस्कूल होतंय.