गावात बसून शोजो मंगा काढायचा तं सुरुवात कुठून करायची

आमच्या तालुक्यातल्या पोट्ट्या विचारतात का ताई शोजो मंगाची (म्हणजे पोरींसाठीच्या जपानी चित्रकथांची) आर्टिस्ट व्हायचं तं काय करू, आणि वहीभर मोठ्ठे डोळे काढून दाखवतात. डोळे छानच असतात, पण आधी १६ पानांत संपणारी एक गोष्ट पाहिजे. आपलीच घ्या, कापूस वेचणीत शाळा बुडते आणि मैत्रीण एसटीनं अमरावतीला शिकायला निघून जाते, एवढीही पुरते. शोजोमध्ये मनातलं दाखवायला चेहऱ्यामागं फुलं काढतात, तिथं चेरीच काहून पाहिजे, आपला पळस आहे ना.

मग नेम. नेम म्हणजे सगळ्या पानांचा कच्चा आराखडा, कोणती चौकट मोठी, कोण काय बोलते, पान उलटलं का काय दिसलं पाहिजे, माणसं नुसती गोळे-काड्यांची चालतात. जपानात संपादक आधी नेमच बघतात आणि तो पुन्हा पुन्हा करायला लावतात, पास झाला का मगच पेन्सिल, मग शाई, मग टोन (सावलीसाठी भरायच्या करड्या, ठिपक्यांच्या छटा). मी पहिल्यांदा नेम न करता थेट शाईत काढलं आन् अकराव्या पानावर कळलं का गोष्ट तं अजून अर्धीही झाली नाही, दिवाळीची पूर्ण सुट्टी त्यात गेली. मराठीत काढत असाल तं डावीकडून उजवीकडेच ठेवा, जपानीसारखं उलटं नको.

शोजोचं पान वेगळं दिसते ते चौकटी मोडल्यामुळं. पूर्ण उभी पोरगी तीन चौकटींवरून आरपार जाते, मनातलं वाक्य फुग्याबाहेर मोकळं तरंगते. हे १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा या मंगा काढणाऱ्या बायांच्या पिढीनं लय पुढं नेलं.

सामान जास्त लागत नाही. तिकडं बी-फोर कागद, शाईत बुडवायचा जी-पेन निब, बारीक रेघांना मारू-पेन निब वापरतात. इकडं ड्रॉइंग पेपर, साधा निब आणि वॉटरप्रूफ काळी शाई घ्या, टोन मोबाईलवर आयबिस पेंट ॲपमध्ये भरा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तं हात आधीच बसलेला असतो.

आता करिअरचं. मासिकाकडून पानामागं पैसे आणि पुस्तक निघालं का रॉयल्टी, पण तिथवर पोचायला वेळ लागते. हागिओ १९६९ मध्ये पहिल्यांदा छापून आल्या, घरचे विरोधात होते, नंतर त्याच मासिकाकडून गोष्टी परत यायला लागल्या, तेव्हा ताकेमियांच्या ओळखीनं त्या दुसऱ्या प्रकाशनाकडं गेल्या आन् तिथं जम बसला. सेलर मून हा मंगा काढणाऱ्या नाओको ताकेउची फार्मसी शिकलेल्या आहेत. म्हणून शिक्षण सोडू नका व माय, हे मी मनापासून सांगते.

पाठवायचं कुठं? जपानचं परराष्ट्र मंत्रालय २००७ पासून बाहेर देशांतल्या मंगासाठी इंटरनॅशनल मंगा अवॉर्ड देते. सायलेंट मंगा ऑडिशन या स्पर्धेत तं संवादच नसतात, त्यामुळं भाषेची भीती नाही, माझ्या मते पहिला प्रयत्न इथंच करा, नियम मात्र त्या वर्षीचेच वाचा.

आणि पाठवायच्या आधी नेम घरातल्या कोणालातरी वाचायला द्या, आपण गप बसायचं, समजावून सांगायचं नाही, फक्त कुठं थांबून मागं बघतात ते बघायचं. माझी आई चौथ्या पानावर थांबली होती, तिथं मी दोन चौकटी वाढवल्या.