परदेशातला राहण्याचा खर्च: तुलना करताना या चुका टाळा

परदेशी शिकायला जायचं ठरलं की एक्सेलमध्ये देशांची नावं लिहायची आणि समोर व्हिसासाठी दाखवायची रक्कम भरायची, अशी तुलना बरेच जण करतात. ती फसवी असते. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आगाऊ पैसे भरायचं, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो ठेवावे लागतात. हा सरकारने धरलेला किमान खर्च झाला. म्युनिकमध्ये त्यातला मोठा हिस्सा खोलीच खाऊन टाकते, लाइपझिगमध्ये तेवढ्यात बरं भागतं. म्हणून रकाने देशांचे नको, शहरांचे करा. ब्रिटिश नियमांतसुद्धा लंडनचा आकडा वेगळा आणि लंडनबाहेरचा वेगळा आहे.

शिवाय ब्रिटनमध्ये व्हिसासाठीची ही रक्कम जास्तीत जास्त ९ महिन्यांची दाखवावी लागते. ती जर्मनीच्या १२ महिन्यांशेजारी ठेवली, की ब्रिटन उगाच स्वस्त दिसतं. वर्षभराच्या मास्टर्सला उन्हाळ्यातलं भाडं कोण भरणार?

सगळ्यात मोठा घोळ भाड्यातच होतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात भाडं सहसा आठवड्याचं सांगतात. आठवड्याला १८० पौंड म्हटल्यावर आपण चारने गुणून ७२० धरतो. वर्षाचे आठवडे ५२, तेव्हा ५२ ने गुणून १२ ने भागा: महिन्याला ७८० पौंड. वर्षाला ७२० पौंडांची चूक, म्हणजे चार आठवड्यांचं भाडं हिशेबातून गायब! जर्मनीतल्या जाहिरातीत ‘काल्टमीटे’ असेल तर ते नुसतं खोलीचं भाडं. हीटिंग-पाणी धरून होते ती ‘वार्ममीटे’, आणि वीज-इंटरनेट त्यातही अनेकदा नसतं. डिपॉझिट तीन काल्टमीटेंपर्यंत जाऊ शकतं. ते परत मिळायचं असतं, म्हणून खर्चात मिसळू नका, पण पहिल्या महिन्याच्या रोकडीत धराच.

ब्रिटनच्या रकान्यात आरोग्यविमा शून्य दिसतोय? विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) व्हिसाबरोबरच आगाऊ भरावा लागतो. जर्मनीत विम्याचा हप्ता दरमहा जातो. दोन्ही मासिक करून मांडा.

पार्ट-टाइमची कमाई आधीच वजा करू नका. ब्रिटनमध्ये पदवी-मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा असते, आणि मुभा म्हणजे नोकरी नव्हे.

रुपयांत रूपांतर सगळ्यात शेवटी, सर्व चलनांना एकाच दिवसाचा दर लावून. तारीख शेजारी लिहा.